स्वमग्न कोण?

काही शब्दांतच निवाडा दडलेला असतो. ‘स्वमग्न’ हा असाच एक शब्द. स्वतःतच बुडालेला, इतरांची गरज नसलेला, असा अर्थ तो ऐकताच मनात उमटतो. १९४३ साली लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी अमेरिकेत ११ मुलांवरील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि एकाकीपण हे या मुलांचे मुख्य लक्षण ठरले. त्यांना माणसांची ओढच नसते, हा समज पुढे दृढ होत गेला.

हा समज खरा असता, तर संगणकाच्या जाळ्यातून माणसे जोडण्याची सोय होताच तिच्याकडे याच मंडळींनी पाठ फिरवली असती. घडले ते उलट. १९९०च्या दशकात इंटरनेटचा प्रसार होऊ लागला, तेव्हा देशोदेशींच्या स्वमग्न व्यक्तींनी एकमेकांना शोधून काढले. ऑस्ट्रेलियातील ज्यूडी सिंगर यांनी १९९८ च्या आपल्या प्रबंधात मेंदूंच्या विविधतेचा जो विचार मांडला, त्याला अशाच संवादाचे खतपाणी मिळाले होते.

याचे कारण उमजण्यास कठीण नाही. समोरासमोर बोलताना डोळ्याला डोळा भिडवायचा, आवाजाचा चढउतार ओळखायचा, भोवतालचा गलबला सोसायचा आणि वर उत्तरही तत्काळ द्यायचे! लेखी संवादात हा भार बराचसा उतरतो. समोरच्याचे वाक्य पुन्हा वाचता येते, आपले सावकाश जुळवता येते. आगगाड्यांच्या वेळापत्रकात रमणाऱ्या तरुणाला तिथे तसाच दुसरा भेटतो आणि त्याचे वेड हसण्यावारी जात नाही. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे प्रतिपादन केले, की या दुराव्यात दोष एकाच बाजूचा नाही. ते आपल्याला समजून घेण्यात जसे अडखळतात, तसेच आपणही त्यांना समजून घेण्यात अडखळतो.

तथापि याच वाटेवर काटेही आहेत. जो शब्दाचा सरळ अर्थ घेतो, त्याला फसवणे सोपे असते. थट्टा कोणती आणि मैत्री कोणती, हे पडद्यावर उमगणे त्याला अधिकच अवघड जाते. मग आईवडिलांनी काय करावे? २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा संमत केला. १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आला. त्यामागील काळजी रास्त आहे. परंतु ज्याचा एकुलता एक मित्र त्या दाराआड आहे, त्याच्यासाठी दार बंद होणे म्हणजे काय, हा प्रश्न त्या काळजीने मिटत नाही. कॅनडातील स्टुअर्ट डंकन यांनी २०१३ मध्ये निराळी वाट धरली. माइनक्राफ्ट या संगणकीय खेळात स्वमग्न मुलांचा छळ होतो, हे पाहून त्यांनी या मुलांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी त्या खेळातच एक राखलेले अंगण उभारले. तिथे प्रवेश पारखून दिला जातो आणि दांडगाईला थारा नसतो. मुलांना अंगणाबाहेर काढण्याऐवजी त्यांनी अंगणाची राखण केली.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो: खरी भेट कोणती? एकाच खोलीत बसून एकमेकांकडे न पाहणारी माणसे भेटलेली असतात काय? भेट खरी ठरते ती लक्ष दिल्याने, दुसऱ्याचे बोलणे ऐकून घेतल्याने. ते लक्ष अक्षरांतूनही पोहोचू शकते. मात्र आजारपणात उशाशी बसणे, हातात हात घेणे पडद्याला जमणार नाही. म्हणून पडद्यावरची मैत्री खोटी ठरत नाही. ती अपुरी मात्र राहते, आणि ती पुरी करण्याचे ऋण आपल्यावर उरते.

‘आमचा मुलगा सारखा मोबाईलवरच असतो’ ही तक्रार करण्यापूर्वी चर्चच्या आवारात, लग्नघरी, शेजारी त्याच्याशी त्याच्या गतीने, त्याच्या आवडीच्या विषयावर दहा मिनिटे कोण बोलले, हे आपण आठवून पाहावे. त्याने आपल्यासारखे व्हावे, ही अट घालून आपण त्याला बोलावत असू, तर ‘स्वमग्न’ हा शब्द नेमका कोणाला लागू पडतो, याचाही विचार व्हावा.