केस कापल्याचा गुन्हा

आमच्या भाच्याचं मन दुखावलंय ते १९९६ साली. त्या वर्षी 'मेटॅलिका' नावाच्या अमेरिकन मेटल बँडची 'लोड' ही रेकॉर्ड निघाली आणि चौघेही गडी केस कापून लोकांसमोर आले. अजूनही हे सांगताना त्याचा चेहरा सुतकातल्यासारखा होतो.

अर्थात केस हे निमित्त. खरं दुखणं आवाजाचं. १९८३ साली 'किल एम ऑल' ही पहिली रेकॉर्ड काढली तेव्हा ही विशीतली पोरं शेवटची लोकल सुटत असल्यासारखी गिटार वाजवीत. पुढच्याच वर्षीच्या 'राइड द लाइटनिंग'मध्ये एक गाणं साध्या गिटारवर हळुवार सुरू झालं, तर कट्टर भक्तांनी 'विकले गेले!' म्हणून बोंब ठोकली. १९९१ च्या काळ्या कव्हराच्या रेकॉर्डनं लय संथ केली, गाणी आटोपशीर केली. ती कोट्यवधी खपली, म्हणजे गुन्हा शाबीतच झाला!

"मामा, हे पैशासाठी बदलले," भाचा म्हणाला.

"आणि न बदलणारे?"

"मोटरहेडचा लेमी! १९७५ पासून २०१५ साली मरेपर्यंत तोच गडगडाट. माणूस खरा!"

असेलही. पण जुनं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तोच माल ठेवणं हादेखील धंदाच की. बदलणारा लबाड आणि न बदलणारा प्रामाणिक, हा हिशेब बाहेरून कसा मांडायचा? विशीतला संताप खरा असतो. तोच तिशी ओलांडल्यावर रोज रात्री तिकीट लावून काढला, तर त्याची नक्कल व्हायची भीती. २००८ साली 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये हेच मेटॅलिकावाले पुन्हा जुन्या वेगाकडे वळले, तर भाचा म्हणाला, "म्हातारे जुनंच उगाळतायत." म्हणजे बदलायचं नाही, आणि परत यायचीही सोय नाही!

मी त्याच्या चकाकत्या टाळूकडे पाहिलं. कॉलेजात खांद्यापर्यंत केस होते. आता बँकेत कर्जाचे अर्ज नामंजूर करतो.

"तुझ्या केसांचं काय?"

"ते गळले. मी कापले नाहीत."

नीतिशास्त्रातला एवढा बारीक फरक मला कुणी शिकवला नव्हता. मला वाटतं, आपण आपलं तारुण्य दुसऱ्यांकडे ठेव म्हणून ठेवतो. आपण वाटेल तसे बदलणार. त्यांनी मात्र ती ठेव जशीच्या तशी सांभाळायची. मागायला गेलो आणि तिथेही काळानं हात मारलेला दिसला, की आपण चोर चोर म्हणून ओरडतो.

हे मी त्याला मोठ्या झोकात सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, पूर्वी तुम्ही काय हसवायचात हो! हल्ली नुसतं तत्त्वज्ञान सांगता."

तेव्हापासून माझं मन दुखावलंय.