बंदूक एक, नियत दोन

अमेरिकेत ओहायो राज्यात स्थायिक झालेला आमचा भाचा मध्यंतरी फोनवर म्हणाला, "मामू, एकच शॉटगन घ्यायचा विचार आहे. रात्री घराच्या राखणीला आणि रविवारी क्लबात मातीच्या चकत्या उडवायला. चालेल ना?" बंदुकीचा सल्ला मागावा असे आमच्यात काही नाही. कोकणात आमच्या घरी शेती-संरक्षणाच्या परवान्याची एक जुनी बंदूक होती, एवढाच आमचा अधिकार. पण प्रश्न वाटला तितका बाजारहाटाचा नाही, हे फोन ठेवल्यावर आमच्या ध्यानात आले.

यंत्रापुरते उत्तर सोपे आहे. बारा बोअरची पंप-ॲक्शन बंदूक घ्यावी आणि तिला दोन नळ्या. रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० यांसारख्या बंदुकीची नळी काही मिनिटांत बदलता येते. मैदानासाठी २८ इंची, कारण लांब नळी उडत्या चकतीमागे संथ फिरते. घरासाठी साडेअठरा इंची, कारण ती दारातून, बोळातून वळवता येते. मैदानावर साडेसात नंबरचे बारीक छर्रे लागतात. घरासाठी लोक बकशॉटचे मोठे छर्रे ठेवतात. तिकडच्या बहुतेक घरांच्या आतल्या भिंती जिप्समच्या पातळ फळ्यांच्या असतात. मोठा छर्रा त्या पार करून पलीकडच्या खोलीत जातो. पलीकडे कोण झोपले आहे, हे त्याला ठाऊक नसते.

नळी बदलता येते, छर्रा बदलता येतो. पण बंदूक ठेवायची कशी? मैदानाचा नियम असा की, आपली पाळी येईपर्यंत ती रिकामी आणि उघडी असावी, कोणालाही दुरून दिसेल अशी. राखणीची मागणी नेमकी उलट: भरलेली, हाताशी, अंधारात. एकाच वस्तूला दोन मालक मिळाले, तर ती कोणाचे ऐकेल?

मातीच्या चकतीचा इतिहासही इथे आठवावा. पूर्वी नेमबाज पेटीतून सोडलेल्या जिवंत कबुतरांवर गोळी झाडत. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा कबुतरे मारली गेली. त्याआधीच, १८८० मध्ये, सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने मातीची चकती काढली होती. आज ती डांबर आणि चुनखडीची असते. नाव मात्र 'क्ले पिजन' म्हणजे कबुतराचेच राहिले. जिवंत प्राण्याला निशाणा करू नये, ही ताकीद आपल्याला हदीसमधून माहीत आहे. तेव्हा नेम शिकावा आणि कोणाचा जीव जाऊ नये, या खेळाशी आमचे भांडण नाही. खुर्जाच्या मैराज अहमद खान यांनी २०२२ मध्ये चांगवानच्या विश्वचषक स्पर्धेत स्कीट प्रकारात सुवर्णपदक जिंकले, तेव्हा आम्हीही पेढे वाटले.

अडचण आहे ती दुसऱ्या कामाची. भाच्याची भीती खोटी नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपेल हिल इथे तीन मुस्लिम तरुणांना शेजाऱ्यानेच त्यांच्या घरात गोळ्या घातल्या. घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवण्याचा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केला आहे. पण हक्क आहे म्हणजे प्रश्न सुटला, असे होत नाही. २०२१ मध्ये त्या देशात अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक माणसे बंदुकीने मेली. त्यांतले निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्येचे. म्हणजे ज्याच्या भीतीने बंदूक आणावी तो येतो किंवा येत नाही. पण घरातले दुःख, घरातला राग आणि घरातली मुले रोज बंदुकीजवळच असतात.

आम्हाला अब्बांची बंदूक आठवली. आपल्याकडे परवाना मागताना कारण सांगावे लागते; अब्बांच्या परवान्यावर ते लिहिलेले होते: पिकांचे रक्षण. बंदूक माळ्यावर असे आणि काडतुसे अम्मीच्या पेटीत, किल्ली तिच्या कमरेला. रात्री रानडुकरे शेतात शिरली की अब्बांना आधी अम्मीला उठवावे लागे. त्या वेळात कितीतरी भात तुडवले गेले. अब्बा कुरकुरत, पण पेटीची जागा त्यांनी कधी बदलली नाही. घरात आम्ही सहा भावंडे होतो.

आम्ही भाच्याला एवढेच सांगितले: "दोन्ही कामांना एक बंदूक चालेल, पण शिस्त एकच हवी आणि ती मैदानाची. कुलपात, रिकामी, काडतुसे वेगळी."

तो म्हणाला, "मामू, मग चोर आला तर? कुलूप उघडेपर्यंत सगळे संपलेले असेल."

"असेल," आम्ही म्हणालो. "ती किंमत आहे. ती मोजायची तयारी नसेल, तर तुला दोन कामांची बंदूक नको आहे; भीतीला उशाशी घेऊन झोपायचे आहे. उशिरा घरी आलेला तुझाच मुलगा अंधारात चाचपडत असेल, तर कुलूप उघडायला लागणारा तोच वेळ त्याला वाचवील." दाराला मजबूत कडी, अंगणात दिवा आणि शेजाऱ्याशी ओळख, हेही आम्ही सुचवले. चॅपेल हिलची आठवण त्याने लगेच करून दिली. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. बंदूक अजून घेतलेली नाही. कुलपाचे पोलादी कपाट मात्र आधी आणले आहे. किल्ली कोणाकडे राहणार, यावर नवरा-बायकोची चर्चा चालू आहे.