'जे घडले' आणि 'जे केले' : इंग्रजी साध्या भूतकाळाचा एक नैतिक प्रश्न

शालेय इंग्रजी व्याकरणात साध्या भूतकाळाची व्याख्या एका ओळीत आटोपते : क्रिया भूतकाळी घडली व पूर्ण झाली. अध्यापनाच्या सोयीसाठी ती पुरेशी आहे. परंतु तिच्यातील 'पूर्ण' या शब्दाच्या आड दोन भिन्न गोष्टी उभ्या आहेत. क्रिया संपणे ही एक आणि कृत्याचा हिशेब संपणे ही दुसरी. पहिली गोष्ट काळाच्या कक्षेतील आहे, दुसरी नीतीच्या. व्याकरणाने पहिलीविषयी काढलेले उद्गार दुसरीला लागू करण्याची सवय इंग्रजी सार्वजनिक गद्याला जडली आहे आणि तिची तपासणी होणे आवश्यक आहे.

मुळात साधा भूतकाळ 'संपले' असे तरी सांगतो काय? वोल्फगांग क्लाइन यांनी 'टाइम इन लँग्वेज' (1994) या ग्रंथात याचे अत्यंत साधे उदाहरण योजले आहे. खोलीत शिरताना काय दिसले, या प्रश्नाला साक्षीदार उत्तर देतो की टेबलावर एक पुस्तक होते आणि ते रशियन भाषेत होते. पुस्तक आजही रशियन भाषेतच आहे, तरी क्रियापद 'वॉज' असेच येते. कारण भूतकाळाची खूण पुस्तकाच्या स्थितीला लागलेली नसते. आपण ज्या वेळेविषयी बोलत आहोत त्या वेळेला ती लागलेली असते. म्हणजे हा काळ बोलण्याला कुंपण घालतो, वस्तूला नव्हे. कुंपणापलीकडे काय उरले याविषयी तो मौन पाळतो. या मौनाचा 'काही उरले नाही' असा अर्थ लावणे हे ऐकणाऱ्याचे अनुमान असते, आणि कित्येकदा बोलणाऱ्याचा हेतू.

मराठी वाचकाला हा भेद चटकन जाणवत नाही, याचे कारण आपला भूतकाळ वेगळ्या घडणीचा आहे. आतल्या घरातून कोणी हाक मारली की आपण जागचे न हलता 'आलो' म्हणतो. येणे अद्याप व्हायचे असते. फाट्यावर बस दिसू लागताच 'आली, आली' होते. तेव्हा मराठीतील हे '-ल-' प्रत्ययाचे रूप क्रियेच्या सिद्धतेवर भर देते, तिच्या दूरत्वावर नव्हे. इंग्रजी रूपाचा ओढा नेमका दूरत्वाकडे आहे. म्हणूनच ते वास्तवापासूनचे अंतर दाखवण्यासाठी ('इफ आय न्यू') आणि अदबीचे अंतर राखण्यासाठीही ('आय वाँटेड टु आस्क') वापरले जाते. 'आय केम' असे म्हणून कोणी इंग्रज हाकेला ओ देणार नाही.

हे अंतर राखणारे रूप कबुलीच्या कामी लावले म्हणजे काय होते? येथे इंग्रजीची एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. कृत्याचा वर्तमानाशी असलेला संबंध सांगण्यासाठी तिच्याजवळ पूर्ण वर्तमानकाळ आहे, पण त्या रूपाला निश्चित तारीख सोसत नाही. 'हॅव फायर्ड इन 1919' हे वाक्य व्याकरणात बसत नाही. तारीख हवी तर वर्तमान सोडावा लागतो आणि वर्तमान हवा तर तारीख. क्षमायाचनेला मात्र दोन्ही लागतात. तेव्हा तिला दोन क्रियापदांवाचून गत्यंतर नसते : कृत्यासाठी भूतकाळी, याचनेसाठी वर्तमानकाळी. तिचे नैतिक वजन या दोन क्रियापदांचा कर्ता एकच आहे की नाही, यावर ठरते.

13 एप्रिल 1919 रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत पन्नास बंदूकधारी शिपायांनी 1650 फैरी झाडल्या. सरकारी आकड्यानुसार 379 माणसे मेली. इतर अंदाज याहून बरेच मोठे आहेत. जनरल डायरने 25 ऑगस्ट 1919 च्या आपल्या अहवालात या गोळीबाराचे वर्णन साध्या भूतकाळात व प्रथमपुरुषी केले : 'आय फायर्ड'. वास्तविक चाप त्याने ओढला नव्हता, तरीही कर्तृत्व त्याने स्वतःकडे घेतले. लगेच पुढे वर्तमानकाळ येतो. आवश्यक परिणाम साधण्यासाठी हा कमीत कमी गोळीबार होता असे आपण मानतो, असे तो लिहितो. 'फायर्ड' आणि 'कन्सिडर' या दोहोंचा कर्ता एकच, 'आय'. हंटर समितीपुढे मुंबईच्या चिमणलाल सेटलवाडांनी त्याला विचारले, चिलखती गाड्या आत जाऊ शकल्या असत्या तर तू मशीनगन चालवल्या असत्यास काय? न घडलेल्या भूतकाळाविषयीच्या या प्रश्नालाही त्याने बहुधा होय असेच उत्तर दिले. वाक्य अमानुष आहे, पण त्यात कोणी दडलेले नाही.

सुमारे शंभर वर्षांनी, 10 एप्रिल 2019 रोजी, ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये या घटनेविषयी तीव्र खेद व्यक्त केला. क्षमा मागितली नाही, याची चर्चा पुष्कळ झाली. व्याकरणाकडे फारसे कोणी पाहिले नाही. वर्तमानकाळी क्रियापदाचा कर्ता 'वुई' आहे. भूतकाळी क्रियापद 'हॅपन्ड' आहे आणि त्याचा कर्ता 'व्हॉट'. पुढे यातनांचा उल्लेख येतो तोही 'कॉज्ड' या कर्तृहीन धातुसाधिताने. खेद करणारे आहेत, करणारा नाही. डायरच्या वाक्यात गुन्हा आहे आणि गुन्हेगार आहे. मे यांच्या वाक्यात सद्भाव आहे, पण गोळीबार मात्र पावसासारखा पडून गेला आहे. नीतिदृष्ट्या पहिले वाक्य निःसंशय अधिक घृणास्पद आहे. तरीही ज्याच्याकडे जाब मागता येईल असे वाक्य तेवढेच आहे.

यात दोष इंग्रजी व्याकरणाचा, असे म्हणून सुटता येत नाही. 13 फेब्रुवारी 2008 रोजी ऑस्ट्रेलियाच्या संसदेत केविन रड यांनी आदिवासी मुलांच्या हिरावलेल्या पिढ्यांची क्षमा मागितली. तेथे क्षमा मागणारे 'आम्ही' आहोत आणि दुःख 'हॅव इन्फ्लिक्टेड' केले ते एकामागून एक आलेल्या संसदांच्या व सरकारांच्या कायद्यांनी व धोरणांनी. त्या वाक्यात तारीख नाही, कर्ता आहे. तारखेच्या बदल्यात वर्तमान घेतला गेला. इंग्रजीत तशी निवड करता येते.

साहित्यसमीक्षेशी या प्रश्नाचा संबंध येतो तो येथे. रोलाँ बार्थ यांनी 1953 साली फ्रेंचमधील 'पासे सिंपल'ला कादंबरीच्या सुव्यवस्थेचा काळ मानले. अनुभवातील विसकळीतपणा त्या रूपात निमूट होतो, घटना ओळीने उभ्या राहतात. तो काळ फ्रेंच बोलण्यातून हद्दपार झालेला असल्याने त्याचा वाङ्मयीन पोशाख लगेच ओळखू येतो. इंग्रजीची गोष्ट निराळी आहे. तिथे कादंबरी, पोलिसांतला जबाब आणि पश्चात्तापाचे पत्र ही तिन्ही एकाच रूपात लिहिली जातात. केटे हाम्बुर्गर यांनी 1957 मध्ये दाखवले की कथात्म साहित्यातील भूतकाळ आपले भूतकाळपणच गमावतो. 'उद्या नाताळ होता' असे वाक्य तिथे खुशाल वावरू शकते. ज्याला तारखेचे बंधन नाही त्याला जबाबाचेही नाही. कादंबरीतील खुनाबद्दल निवेदकाला कोणी अटक करीत नाही. राज्यसंस्था 'हॅपन्ड' म्हणते तेव्हा पक्षकाराच्या जागेवरून उठून ती निवेदकाच्या आसनावर बसते. पोशाख बदलावा लागत नसल्याने हे स्थलांतर नजरेतून निसटते.

पाणिनीला हे इतके सहज चालले नसते. वक्त्याने प्रत्यक्ष न पाहिलेल्या भूतकाळासाठी त्याने 'लिट्' राखून ठेवला ('परोक्षे लिट्'). मग हा लकार प्रथमपुरुषी, म्हणजे 'मी' या कर्त्याबरोबर, कसा यावा अशी शंका उत्पन्न झाली. परंपरेने तिचे समाधान केले ते असे : झोपेत वा चित्त ठिकाणावर नसता माणूस जे करतो ते त्याला स्वतःलाही परोक्षच. राज्यसंस्थांच्या खेदपत्रांसाठी हा लकार इंग्रजीत असता तर निदान बोलणारा तेव्हा झोपेत होता एवढे तरी रूपावरून कळले असते.

याचा अर्थ मराठी अधिक प्रामाणिक, असा मुळीच नाही. 'मी गोळीबार केला' यात क्रियापद कर्त्याला सोडून गोळीबाराशी जुळते. 'माझ्याकडून चूक झाली' ही तर आपली घरगुती पळवाट. पण आपल्याजवळ एक वाक्प्रचार आहे : झाले गेले गंगेला मिळाले. ज्याचे नुकसान झाले त्याने तो उच्चारला तर ते औदार्य ठरते. ज्याने नुकसान केले त्याच्या तोंडी तेच शब्द उर्मटपणाचे होतात. शब्द तेच, काळही तोच. बदलतो तो हिशेब मिटवण्याचा अधिकार, आणि तो कोणत्याही भाषेच्या क्रियापदात कोरलेला नसतो. मे यांचे वाक्य मराठीत आणू पाहणाऱ्याला याचा प्रत्यय येतो. 'व्हॉट हॅपन्ड'ला 'जे घडले' हा प्रतिशब्द निमूट सापडतो. परंतु 'सफरिंग कॉज्ड' पाशी त्याला थांबावे लागते : 'झालेल्या यातना' म्हणावे, की 'दिलेल्या'? 'दिलेल्या' म्हणताक्षणी 'कोणी?' हा प्रश्न वाक्यात शिरतो, आणि मुळात तर तो नाही.