आधी व्हँग कर

चि. मनू,

जुनी एंटरप्राइझ घेतलीस, फार बरं झालं. जॅक होल्टने १९५६ मध्ये ही होडी आखली तीच मुळी हौशी माणसाला प्लायवूडमधून घरी बांधता यावी म्हणून. तिच्या दोर-कप्प्यांवर पगार उधळू नकोस. आधी व्हँग कर; शीड ताणायचे आउटहॉल आणि कनिंगहॅम हे दोर मागाहून झाले तरी चालतील.

वारा पाठीशी असला की बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, वर उचलला जातो, शिडाची मागची कड पिळवटते आणि होडी हेलकावे खाते. व्हँग बूमला खाली दाबून धरतो. एकाच दोराने आठपट जोर मिळवायला कप्प्यांची रांग लागते. त्याऐवजी दुप्पट जोराचे तीन टप्पे एकापुढे एक जोड. दोन दुणे चार, चार दुणे आठ. बूमजवळच्या टप्प्यावर ताण सगळ्यात जास्त, पण दोर जेमतेम सरकतो. तिथे कप्पी नकोच, गुळगुळीत अॅल्युमिनियमचं कडं पुरतं. मधल्या टप्प्यालाही कडंच. हाताजवळच्या टप्प्यात ताण कमी आणि दोर भराभर धावतो, म्हणून एकुलती एक चांगली कप्पी तिथे लाव. बूम पाच सेंटिमीटर खाली आणायला चाळीस सेंटिमीटर दोर ओढावा लागेल, तेवढी जागा ठेव.

कड्याच्या आतून कापसाचा बोळा फिरव. तंतू अडकले तर बारीक पॉलिश पेपरने घास, नाहीतर दोर तिथेच कातरला जाईल.

बूमकडच्या पहिल्या दोन टप्प्यांना डायनीमाचाच दोर घे, नायलॉन ताणतो. डायनीमाला गाठ मारू नकोस. गाठीने त्याची ताकद बरीच घटते, शिवाय तो निसरडा. टोक निमुळतं करून दोराच्या पोटात ओव आणि शिवून टाक. चार मिलिमीटरच्या दोराला तीसेक सेंटिमीटर तरी आत हवा.

दोर अडकवायचं क्लीट मात्र स्वस्तातलं घेशील तर मी रागावेन. दुपारी पश्चिमेचा वारा चढला की व्हँग एका झटक्यात सुटायला हवा. नाही सुटला तर बूमचं टोक पाण्यात जातं आणि होडी उलटते. आणि बूमला स्टीलचे स्क्रू मारताना मध्ये पेस्ट लाव; खाऱ्या पाण्यात स्टीलला लागून असलेलं अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

डोलकाठीच्या बुडापासून बूमच्या व्हँगच्या कडीपर्यंतचं अंतर मोजून कळव. तिन्ही दोरांची लांबी काढून देते, तोवर काही कापू नकोस.

तुझी आत्या