कर नाही, तरीही सांगावे काय?

उमेदीची वर्षे परदेशी घालवून उतारवयात गावी परतलेली मंडळी हल्ली देवळांच्या उत्सवांत पुष्कळ दिसतात. त्यांतले कोणी आरती आटोपल्यावर आम्हांस बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारतात, "वकीलसाहेब, तिकडच्या सरकारचे निवृत्तिवेतन इकडच्या विवरणपत्रात दाखवलेच पाहिजे काय?" प्रश्न कायद्याचा आहे खरा; पण तो विचारताना आवाज हलका का होतो, हा प्रश्न नीतीचा आहे.

कायदा प्रथम पाहू. जो कायद्याने भारताचा सामान्यतः निवासी ठरतो, त्याचे जगात कोठेही झालेले उत्पन्न येथे हिशेबात येते. 1961 च्या आयकर कायद्यातील हे तत्त्व 2025 च्या कायद्यातही कायम आहे. नुकत्याच परतलेल्यास काही काळ सवलत असते. ती सरली की हा नियम लागू होतो. मात्र एकाच उत्पन्नावर दोन सरकारांनी कर घेऊ नये म्हणून देशादेशांत करार झाले आहेत, आणि ते एकसारखे नाहीत. अमेरिकेशी 1989 साली झालेल्या करारानुसार तेथील सोशल सिक्युरिटीवर कर बसविण्याचा अधिकार केवळ अमेरिकेस आहे. जो तिचा नागरिक वा निवासी नाही, त्याच्या रकमेच्या 85 टक्क्यांवर 30 टक्के, म्हणजे एकंदर 25.5 टक्के, कर तेथेच कापला जातो. ब्रिटनशी 1993 साली झालेल्या करारात नेमके उलट: तेथील स्टेट पेन्शनवरील कर येथेच द्यावयाचा. एकाच सभामंडपात मांडीला मांडी लावून बसलेल्या दोघांना असे दोन नियम लागू होतात.

अमेरिकेहून आलेले गृहस्थ म्हणतात, "कर द्यावयाचा नाही, तर सांगावयाचे कशाला?" इंग्लंडहून आलेल्यांचे दुःख अधिक खोल आहे. भारतात राहणाऱ्यास ब्रिटन स्टेट पेन्शनमधील दरसालची वाढ देत नाही. "तिकडे वाढ नाही आणि इकडे कर आहे, आम्ही मौन पाळले तर कोणाचे काय बिघडले?"

ही तक्रार आम्ही क्षुल्लक मानीत नाही. तिच्यासाठी अर्ज करावेत, आवाज उठवावा. परंतु एका सरकारकडील येणे दुसऱ्या सरकारापासून लपवून वसूल करणे हा न्याय नव्हे. शिवाय शेजारच्या निवृत्त शिक्षकाकडे पाहावे. त्यांचे निवृत्तिवेतन येथल्याच तिजोरीतून येते. त्यांना मौनाची सोयच नाही. केवळ आपला पैसा दूरच्या देशातून येतो म्हणून आपल्याला ती सोय मिळाली. बिघडते ते या शेजाऱ्याचे.

राहिला पहिला प्रश्न. देवळास कोणी चांदीची समई वाहिली, तर ती विकावयाची नसते, तिच्यातून काही खर्चही व्हावयाचा नसतो. तरी खजिनदार ती वहीत चढवितात. कारण वही जशी पैशाची असते, तशी विश्वासाचीही असते. विवरण या शब्दाचा अर्थच मुळी उलगडून सांगणे असा आहे. करारामुळे करपात्र नसलेल्या उत्पन्नासाठी विवरणपत्रात वेगळा रकाना ठेवला आहे, तो उगाच नव्हे. सूट आपणांस लागू आहे असे मनातल्या मनात ठरवून जो गप्प बसतो, तो आपल्याच दाव्यात वादीही होतो आणि न्यायाधीशही. सूट मागणे हा त्याचा हक्क आहे. पण हक्क उघडपणे मागावा लागतो.

परदेशी उत्पन्न वा मालमत्ता दडविल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याने 10 लाख रुपयांचा दंड होऊ शकतो, हे आम्ही विचारणाऱ्यास सांगतोच. पण ते शेवटी सांगतो. दंडाच्या भयाने लिहिलेला आकडाही खरा असतो, पण तो लिहिणाऱ्याच्या मनाला स्वस्थता देत नाही. कष्टाने मिळविलेल्या पैशाविषयी देवाच्या दारात आवाज हलका करण्याची पाळी कोणावर येऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.