आधी कळवायचं तरी!

कांदा शंभरीकडे निघाला की पहिली ओरड आपल्या, म्हणजे पगारदारांच्या, स्वयंपाकघरातून होते. तिला भिऊन सरकार निर्यातबंदी करतं. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२३. लासलगावचा शेतकरी त्यात भरडला जातो, हे निदान बोललं तरी जातं. शेतकरी नेते शरद जोशींनी चाकणच्या कांदा आंदोलनापासून ते कानीकपाळी ओरडून सांगितलं. बंदीचा दुसरा बळी मात्र आपल्या गावीही नसतो: बांगलादेशातलं गिऱ्हाईक.

२०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. मी आचाऱ्याला कांद्याविना रांधायला सांगितलंय, पण आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या हसत म्हणाल्या. ऐकणारेही हसले. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा अचानक बंदी, आणि सीमेवर अडकलेल्या ट्रकांत कांदा सडला. बांगलादेशाने मग तुर्कस्तान, इजिप्तकडून कांदा मागवला आणि स्वतःची लागवडही वाढवायला घेतली. त्याचं काय चुकलं?

गोष्ट एकट्या कांद्याची नाही. दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार २००६ पासून लागू आहे. तरी या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के. आसियान देशांत तो २० टक्क्यांहून अधिक. पेट्रापोल-बेनापोलची सीमा ओलांडायला मालाला १३८ तास लागतात, असं जागतिक बँकेने २०२१ मध्ये नोंदवलं. त्यातले २८ तास नुसते एका ट्रकातून उतरवून दुसऱ्यात भरण्याचे. या खोळंब्याची किंमत मालाच्या भावात चढते आणि गरीब गिऱ्हाइकाच्या खिशातून जाते. दोष एकट्या भारताचा नाही. २०२५ मध्ये बांगलादेशाने भारताचं सूत जमिनीच्या वाटेने घेणं थांबवलं, आपण त्यांचे तयार कपडे.

म्हणजे करार करून नुसती जकात कमी केली तरी भागत नाही. पुढच्या वर्षीही माल मिळेल, ही खात्री लागते. तिच्याच भरवशावर कोणी गोदाम बांधतो, कोणी कारखाना टाकतो, आणि गरीब देशात रोजगार त्यातूनच उभा राहतो.

'आधी घरच्या गरिबाचं ताट', हा आक्षेप खोटा नाही. मग त्या गरिबाला रेशनवर स्वस्त कांदा द्या, त्याचा खर्च तिजोरीतून, म्हणजे आपण कर भरणाऱ्यांनी, उचलू. तो शेतकऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या माथी का? हॉटेलचं बिल मुकाट भरणाऱ्या आपल्याला किलोमागे वीस रुपये जड जातात, म्हणून?

शेवटची बंदी ४ मे २०२४ ला उठली. सोबत ४० टक्के निर्यातशुल्क होतंच.