हजेरीपटावरील नाव

दहावीचा निकाल लागला की पेडणे व डिचोली तालुक्यांतील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला डॉक्टर करावयाचे तर 'नीट'साठी कोणता क्लास लावावा? काळजी रास्त आहे. आज एमबीबीएसच्या प्रवेशाला ही परीक्षा देशभर अनिवार्य आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे दारही तिच्याच गुणांनी उघडते. प्रश्न १८०, गुण ७२०, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा.

मागे उपासना संपल्यावर पेडण्याकडील एक गृहस्थ दोन पत्रके घेऊन आमच्याकडे आले. एक क्लास म्हापशाचा, संध्याकाळचा. दुसरा परराज्यातला, वसतिगृहासह दोन वर्षांचा; त्याच्या फीसाठी काजूची बाग गहाण ठेवावी लागणार होती. पत्रकात नसलेली एक गोष्ट त्यांना तोंडी सांगण्यात आली होती. अकरावी-बारावीला मुलीचे नाव एका शाळेत राहील, तिने तेथे जाण्याची गरज नाही, हजेरी लागत जाईल.

"मास्तर, सगळेच करतात. यात वाईट ते काय?" त्यांनी विचारले.

सगळेच नव्हे, पण पुष्कळ करतात हे खरे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने अशा डमी प्रवेशांवरून दिल्ली व राजस्थानातील २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. परंतु आमची अडचण कायद्याची नव्हती. सोळा वर्षांच्या मुलीला वडीलधारी माणसेच शिकवणार, की जेथे तू नव्हतीस तेथे होतीस असे लिहिले तरी चालते. हीच मुलगी उद्या रात्रपाळीला वॉर्डात उभी राहील. रक्तदाब न तपासता केसपेपरावर आकडा लिहिण्याचा मोह थकलेल्या माणसाला होतोच. सकाळी येणारा डॉक्टर त्या आकड्यावर विसंबून औषध देणार. कागदावर लिहिलेले खरे असते, एवढ्याच भरवशावर रुग्णालय चालते.

गृहस्थ म्हणाले, "मग प्रामाणिक पोरीने मागे राहायचे?" हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलीचे रोजचे पाच-सहा तास जातात, ते दुसरीला अभ्यासाला मिळतात. कदाचित एक वर्ष अधिक लागेल, कदाचित जागा मिळणारही नाही. ती मिळेलच असे आम्ही त्यांना सांगितले नाही.

एवढे मात्र सांगितले. जानेवारी २०२४ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शाळेच्या वेळेत क्लास घ्यावयाचे नाहीत, यशाची हमी द्यावयाची नाही, आठवड्याची सुटी द्यावयाची, आणि विद्यार्थी मध्येच सोडून गेल्यास उरलेली फी दहा दिवसांत परत करावयाची. पैसे भरण्यापूर्वी हे लेखी मागावे. बाहेर शिकल्यास गोव्याच्या कोट्यातील हक्कावर काय परिणाम होतो, तेही प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. भिंतीवरच्या फोटोंना भुलू नये. तीच मुले दोन-दोन क्लासांच्या जाहिरातींत दिसतात. आणि मुलीलाही विचारावे. ती तोवर बाहेर चपला घालून उभी होती. तिला कोणी काही विचारलेच नव्हते.

तिने म्हापसा निवडले. दिवसा शाळा, संध्याकाळी क्लास, अंधार पडल्यावर बसने घरी. मात्र तेथील चाचण्या पुष्कळदा रविवारी सकाळी असतात, आणि शब्बाथ शाळेतली तिची जागा रिकामी राहते. त्या रविवारी आम्ही तिच्या नावापुढे 'गैरहजर' असेच लिहितो.